जर्मनमधूनच जर्मन: कानाने शिकायला बसताना

जर्मन शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी एखादं अ‍ॅप उतरवून घेतात, नाहीतर यूट्यूबवर इंग्रजीतून शिकवणारं कुणीतरी शोधतात. शिकवणारा इंग्रजीत बोलत राहतो, मधूनच एक जर्मन वाक्य टाकतो आणि लगेच त्याचा इंग्रजी अर्थ सांगून मोकळा होतो. अर्ध्या तासाच्या धड्यात कानावर जर्मन पडतं ते जेमतेम काही मिनिटं. शिवाय सगळं समजावणं इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणी धरून चाललेलं असतं. त्याला जे विचित्र वाटतं, ते आपल्यालाही विचित्र म्हणूनच शिकवलं जातं.

आकडेच घ्या. जर्मन लोक आकडे उलटे बोलतात, असं इंग्रजी धड्यात हमखास सांगतात. सत्तेचाळीसला ‘झीबन-उंट-फिअर्त्सिश’, म्हणजे आधी सात, मग चाळीस. यात मराठी माणसाने दचकायचं काय कारण? सत्तेचाळीसमध्येही सातच आधी येतात. नामांना तीन लिंगं असणं ही गोष्टही आपल्याला नवी नाही (कुठलं नाम कुठल्या लिंगाचं हे मात्र पाठच करावं लागतं, आपलं ‘ते दार’ तिकडे ‘ती’ होतं). ‘इश कॉम हॉयटं निश्ट’, मी आज येत नाही. होकार की नकार हे कळायला वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायचं, हे आपण बोलायला लागल्यापासून करत आलो आहोत.

म्हणून माझं सरळ मत असं, की मराठी माणसाने पहिल्या आठवड्यापासून संपूर्ण जर्मनमधून शिकवणारा ऑडिओ कोर्स धरावा. अर्थासाठी अडलंच तर मराठीत यावं. इंग्रजीची मधली पायरी गाळावी.

ही पद्धत काही आजची नाही. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात भाषाशाळा काढली. तिथे ठेवलेल्या फ्रेंच मदतनिसाला इंग्रजी येतच नव्हतं, त्यामुळे त्याने हातवारे आणि वस्तू दाखवून फ्रेंचमधूनच वर्ग चालवला आणि मुलं भराभर बोलू लागली, अशी गोष्ट सांगितली जाते. आज पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनातही (जर्मनीच्या गोएटे इन्स्टिट्यूटची ही इथली केंद्रं) पहिल्या दिवसापासून वर्ग जर्मनमध्येच चालतो. वर्गात समोर शिक्षक असतो, फळा असतो, चेहरा असतो. घरी कानात नुसता आवाज. तेव्हा घरी ही पद्धत वापरताना काही गोष्टी आपल्या आपण कराव्या लागतात. त्या क्रमाने सांगते.

पहिली पायरी: दोन-तीन संध्याकाळची तयारी

कोर्स सगळा जर्मनमध्ये असेल तर सूचनाही जर्मनमध्येच येणार. नवखा माणूस गळतो तो बहुतेक वेळा इथे. धडा सोपा असतो, पण काय करायला सांगितलंय तेच कळत नाही. म्हणून आधी या सूचना मराठी अर्थासकट सरळ पाठ करा. ‘होएरन झी’, ऐका. ‘नोख आइनमाल’, पुन्हा एकदा. ‘श्प्रेशन झी नाख’, माझ्यामागून म्हणा. ‘एर्गेन्त्सन झी’, गाळलेली जागा भरा. ‘क्रॉयत्सन झी आन’, खूण करा. ‘रिश्टिश ओडर फाल्श’, बरोबर की चूक. ‘वास पास्ट’, काय जुळतं. एवढ्यावर ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचे बहुतेक धडे सुरू होतात.

इथे मी जर्मन शब्द देवनागरीत लिहिते आहे ते फक्त तुम्हाला वाचता यावेत म्हणून. उच्चार यातून घेऊ नका, कानाने घ्या. आणि तुमच्या वहीत असं अजिबात लिहू नका.

मग मुळाक्षरं आणि शून्य ते शंभर आकडे. मुळाक्षरांत आपली इंग्रजी शाळा आडवी येते. जर्मनमध्ये ‘आय’ या अक्षराचं नाव ‘ई’ आहे आणि ‘ई’ या अक्षराचं नाव ‘ए’. फोनवर कुणी जोशी हे आडनाव ‘योट, ओ, एस, हा, ई’ असं सांगितलं, की आपला हात शेवटी इंग्रजी ‘ई’ लिहून मोकळा होतो आणि जोशींचे ‘जोशे’ होतात. स्वतःचं नाव, आडनाव, गाव आणि रस्ता या अक्षरांनी सांगायचा सराव करा. ए-१ परीक्षेच्या तोंडी भागात नाव अक्षरं सुटी करून सांगायला लावतात आणि एखादा नंबरही विचारतात.

ध्वनींपैकी चारच इथे सांगते. इंग्रजी ‘झेड’ दिसतो त्याचा जर्मन उच्चार ‘त्स’, म्हणजे आपल्या चाकातला च. चहातला नव्हे. हिंदी बोलणाऱ्यांना हा मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याकडे तो तयार आहे. ‘मी’ या अर्थाच्या ‘इश’मधला शेवटचा आवाज खरं तर श नाही. ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जी हवा सुटते, ती कुजबुजत सोडा, तो आवाज. डोक्यावर दोन टिंबं असलेला ‘यू’ काढायचा तर ओठांचा ऊ करायचा आणि आत जिभेने ई म्हणायचं. चौथी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. आपण लिहिताना वेलांटी-उकारावरून भांडतो, बोलताना मात्र फारसा फरक करत नाही. जर्मनमध्ये ‘ओऽफन’ म्हणजे भट्टी आणि ‘ऑफन’ म्हणजे उघडं. हा फरक सुरुवातीला कानाला ऐकूच येत नाही, म्हणून अशा जोड्या मुद्दाम लावून ऐका.

दुसरी पायरी: कोर्स निवडणं

शून्यातून सुरुवात करणाऱ्याने नुसत्या आवाजावर भिस्त ठेवू नये. चित्र नाही, अर्थ नाही आणि भाषा पूर्ण परकी, अशाने तास न् तास ऐकलं तरी हाती काही लागत नाही. पार्श्वसंगीतासारखं जर्मन चालू ठेवलं की ते आपोआप मुरतं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अर्थाचा धागा हातात हवाच. तो चित्रातून येवो, गोष्टीतून येवो किंवा छापील पानातून.

म्हणून आधी व्हिडिओ बघा आणि मग त्याचाच आवाज ऑडिओ म्हणून वापरा. यासाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही मोफत मालिका मला सगळ्यात सोयीची वाटते. निको नावाचा स्पॅनिश तरुण जर्मनीत उतरतो, त्याची बॅग हरवते, तिथून पुढे त्याची गोष्ट सुरू होते. भाग छोटे आहेत, बोलणं जर्मनमध्येच आहे आणि संवाद लिखितही मिळतात. ए-१, ए-२ आणि बी-१ अशा तीन पातळ्या आहेत.

दुसरा पर्याय क्लासमध्ये वापरतात त्या पाठ्यपुस्तकाचा. जर्मनीत छापलेली ‘नेट्झवेर्क नॉय’ किंवा ‘मेन्शन’सारखी पुस्तकं पूर्ण जर्मनमध्येच असतात आणि त्यांचा ऑडिओ प्रकाशकाच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर मिळतो. पुष्कळ जण पुस्तक घेतात, स्वाध्याय लिहून काढतात आणि ऑडिओला हातही लावत नाहीत. पैसे मोजून घेतलेला सगळ्यात चांगला ऑडिओ कोर्स कपाटात पडून राहतो. यूट्यूबवर ‘ईझी जर्मन’वाल्यांचे ‘सुपर ईझी जर्मन’ भाग आहेत. ते रस्त्यावर किंवा घरात घडतात, त्यामुळे बोलणं जिवंत असतं. मात्र तिथे पडद्यावर जर्मनखाली इंग्रजी ओळही असते. ती कागदाची पट्टी लावून झाका. मी थट्टा करत नाही.

एक सापळा सांगून ठेवते. डॉइच वेलेच्याच ‘लांगझाम गेश्प्रोखनं नाखरिश्टन’, म्हणजे सावकाश वाचलेल्या बातम्या. सावकाश आहेत म्हणून नवखे तिथेच जाऊन बसतात. वेग कमी असला तरी शब्द खऱ्या बातम्यांचेच असतात: अर्थसंकल्प, युती, निर्बंध. बी-१ झाल्याशिवाय तिकडे फिरकू नका. ‘स्लो जर्मन’ हा पॉडकास्टही छान आहे, पण अगदी पहिल्या महिन्याचा नाही.

कोर्स आपल्या पातळीचा आहे का, हे बघायला पहिली दोन मिनिटं दोनदा ऐका. कोण बोलतंय, कुठे आहेत आणि साधारण काय हवंय, हे चित्राच्या मदतीने सांगता आलं तर कोर्स चालेल. प्रत्येक शब्द कळायची गरज नाही. पण काहीच कळत नसेल तर जिद्दीने रेटूही नका, खालची पातळी घ्या.

तिसरी पायरी: एकच धडा कसा ऐकायचा

सगळं काम इथे आहे. एका दिवसात चार धडे ऐकण्यापेक्षा एक धडा चार प्रकारे ऐकावा. समजा, स्टेशनवरचा हा छोटा संवाद आहे:

‘एन्टशुल्डिगुंग, वान फेअर्ट डेअर त्सूक नाख कोल्न आप?’
‘उम हाल्प द्राय.’
‘फॉन ग्लाइस झीबन?’
‘नाइन, हॉयटं फॉन ग्लाइस एल्फ.’

पहिल्यांदा कागद न बघता ऐका. हातात पेन्सिल, बाकी काही नाही. दोन माणसं आहेत, एक विचारतोय, दुसरा सांगतोय, कोल्न हे शहराचं नाव ऐकू आलं, मागे भोंगा वाजतोय. एवढं कळलं तरी पुरे. जे सुटे शब्द सापडले ते मनात ठेवा.

दुसऱ्यांदा एक प्रश्न ठरवून ऐका. किती वाजता? ‘द्राय’, तीन, हे कळतं आणि घाईचा माणूस साडेतीन लिहितो. ‘हाल्प द्राय’ म्हणजे अडीच. तीनकडे जाणारा अर्धा तास. ही गोष्ट इंग्रजी धडे नियम म्हणून घोकून घेतात, पण आपण पावणेतीन म्हणतो तेव्हाही पुढच्या तीनकडे बघूनच मोजत असतो. जर्मन माणूस अर्ध्या तासालाही तसंच करतो. नैर्ऋत्य जर्मनीत तर ‘द्रायफिअर्टल द्राय’ म्हणतात, आणि ते म्हणजे चक्क पावणेतीन.

तिसऱ्यांदा प्रत्येक वाक्यानंतर थांबवा आणि जसं ऐकू आलं तसं मोठ्याने म्हणा. अर्थ माहीत नसला तरी म्हणा. इथे पहिल्या वाक्यातलं शेवटचं ‘आप’ लक्षात येईल. ‘फेअर्ट’ आणि ‘आप’ मिळून ‘सुटते’ हे एकच क्रियापद होतं, पण त्याचा एक तुकडा वाक्याच्या शेवटी जाऊन बसलाय. वाक्य संपण्याआधीच कान काढून घेणाऱ्याला हे तुकडे कधी सापडत नाहीत.

आता कुठे लिखित संवाद उघडा. वाचत वाचत ऐका आणि जिथे कानाने एक घेतलं होतं आणि कागदावर दुसरं आहे, तिथे खूण करा. ‘त्सूक’ ऐकलं होतं, कागदावर शेवटी ‘जी’ दिसतो. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी ग, ड, ब आले की ते क, ट, प असे कडक होतात. आधी वाचून मग ऐकलं असतं तर तुम्ही जन्मभर ‘त्सूग’ म्हणत राहिला असता, म्हणून कागद नंतर.

पुन्हा कागद बंद करून एकदा ऐका आणि दुसऱ्या दिवशी नवा धडा लावण्यापूर्वी कालचा आधी. दुसऱ्या दिवशीचं हे ऐकणं कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक ते गाळतात. पण ‘हॉयटं’ या शब्दाकडे लक्ष जातं ते बहुतेक तेव्हाच. आज अकरावरून, म्हणजे रोजची गाडी सातवरून सुटते आणि आज फलाट बदललाय. अशी बारीक गोष्ट कळायला लागली की धडा झाला समजा.

वेग पाऊणपट करण्याची सोय सगळ्या अ‍ॅपमध्ये असते. मी ती वापरू देत नाही. आवाज ताणला जातो, ऱ्हस्व स्वर दीर्घ ऐकू येतात आणि वर सांगितलेल्या ‘ऑफन-ओऽफन’ची वाट लागते. त्याऐवजी वाक्यावाक्याला थांबा.

चौथी पायरी: वही

या पद्धतीचे कडवे पाईक म्हणतात, भाषांतर पाप आहे, अर्थ आपोआप उमगू द्यावा. मला हे पटत नाही. ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट हे एका सेकंदात मराठीत कळत असेल तर त्यासाठी तीन धडे थांबायचं कशाला? फक्त नियम एवढाच, की शब्द आधी ऐकू यायला हवा. किमान तीनदा ऐकून अडला तरच शब्दकोश उघडायचा आणि एका धड्यात पाच-सहा शब्दांच्या वर नाही.

नाम लिहाल ते लिंग दाखवणाऱ्या ‘डेअर’, ‘डी’, ‘डास’सकट लिहा. जमेल तिथे अर्थाऐवजी छोटं चित्र काढा, नाही जमलं तर मराठी शब्द. आणि सुटा शब्द लिहून थांबू नका, ज्या वाक्यात तो ऐकलात ते पूर्ण वाक्य शेजारी उतरवा. परीक्षेच्या आदल्या रात्री शब्दांची यादी वाचण्यापेक्षा ही वाक्यं मोठ्याने म्हणणं जास्त उपयोगी पडतं.

पाचवी पायरी: तोंड उघडणं

धडा चालू असताना बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, त्याच चालीत म्हणत राहायचं. सुरुवातीला शब्द निसटतात, निसटू द्या, चाल पकडा. मराठीत आपण एका संथ सुरात बोलत जातो. जर्मनमध्ये शब्दातल्या एका भागावर जोर येतो आणि बाकीचे भाग गिळले जातात. ‘हाबन’ ऐकू येतं ते ‘हाम्’ असं. हे कागदावर दिसत नाही, म्हणताना कळतं.

आठवड्यातून एकदा फोनवर स्वतःचा आवाज टिपा आणि मूळ आवाजाशेजारी लावून ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला सगळ्यांनाच कसंतरी होतं. होऊ दे.

सहावी पायरी: कुठे आणि किती

रोज अर्धा तास पुरतो, पण त्यातली पंधरा-वीस मिनिटं टेबलाशी, पेन्सिल घेऊन. लोकलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये किंवा पोळ्या लाटताना नवा धडा कधीच लावू नका. गर्दीच्या आवाजात आणि अर्ध्या लक्षात फक्त झालेले धडे. ते आधीच उतरवून ठेवा, बोगद्यात आणि घाटात नेट जातं.

या कोर्समधून काय मिळणार नाही

कानाला न ऐकू येणारं व्याकरण. जर्मन बोलण्यात ‘डेअर’च्या ‘डेन’ आणि ‘डेम’ या रूपांचा शेवट इतका पुसट होतो, की नवख्याला फरक कळणं कठीण. ‘आइनन’चं तर नुसतं ‘नन’ उरतं. विभक्तीचं हे प्रकरण नुसतं ऐकून सुटेल या आशेवर राहू नका. दीड-दोन महिने झाले की व्याकरणाचं एक पातळ पुस्तक घ्या, इंग्रजीतलं असलं तरी चालेल. तोवर ती वाक्यं कानात शेकडो वेळा पडून गेलेली असतात, त्यामुळे नियम वाचताना उदाहरणं डोक्यात आपोआप उभी राहतात. लिहिण्याचंही तसंच. छोटं पत्र, अर्ज, ईमेल यासाठी वेगळा सराव आणि चुका दाखवणारा माणूस लागतो. रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणचा वर्ग किंवा एखादी खासगी शिकवणी त्यासाठी लावावी.

परीक्षा देणाऱ्यांसाठी

नवरा किंवा बायको जर्मनीत आहे म्हणून ए-१ करणारे बरेच जण असतात. जोडीदाराच्या व्हिसासाठी ही अट २००७ पासून आहे (ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला ती लागू नाही). गोएटे इन्स्टिट्यूटच्या ए-१ परीक्षेत ऐकण्याचा भाग साधारण वीस मिनिटांचा असतो, प्रश्न पंधरा. पहिला आणि तिसरा भाग दोनदा ऐकवतात. मधला भाग स्टेशन, विमानतळ, दुकान अशा ठिकाणच्या घोषणांचा, आणि तो एकदाच. सगळ्यांची घसरगुंडी तिथे होते. गोएटेच्या संकेतस्थळावर नमुना परीक्षेचा ऑडिओ मोफत आहे. तो पहिल्याच महिन्यात ऐकून वाया घालवू नका. शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवा आणि घोषणा खरोखर एकदाच लावा. त्यांची ए-१ची शब्दयादी सुमारे ६५० शब्दांची आहे. तुमच्या वहीतले शब्द तिच्याशी ताडून बघा आणि जे ऐकण्यात आलेच नाहीत तेवढेच पाठ करा.

ए-१नंतर

‘निकोस वेग’ची पुढची पातळी आणि जोडीला ‘स्लो जर्मन’, हे सहा-आठ महिने सहज पुरतं. परिचारिका म्हणून जाणाऱ्यांना साधारण बी-२ पर्यंत जायचं असतं, त्यांनी बी-१ झालं की सावकाश वाचलेल्या बातम्या सुरू कराव्यात.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिकडे जायचं म्हणून शिकणारे बरेच भेटतात. त्यांनी एक ध्यानात ठेवावं. कोर्समधलं जर्मन हे प्रमाण जर्मन आहे. स्टुटगार्टच्या आसपास लोक श्वेबिश वळणाने बोलतात. तिथे ‘निश्ट’चं ‘नेट’ होतं आणि ‘इस्ट’चं ‘इश’. ए-२ पक्कं होईपर्यंत त्याच्या नादी लागू नका. नंतर मात्र एसडब्ल्यूआर या तिकडच्या प्रसारण संस्थेचा रेडिओ इंटरनेटवर रोज थोडा वेळ लावा. निवेदक प्रमाण भाषेत बोलतात, पण फोन करणारे श्रोते बहुधा घरच्या बोलीत. आधी निवेदकाचा प्रश्न पकडायचा आणि मग श्रोत्याच्या उत्तरातलं ‘नेट’ शोधायचं.